मागची शिल्लक

1994 साली बार्शीतल्या एका किराणा दुकानात माझ्या कागदावर एका अंगाच्या साबणाची महिन्याची विक्री उणे साठ निघाली. नोकरीला लागून मला तीन महिने झाले होते. काउंटरच्या कडेला, गुळाच्या ढेपेशेजारी उभी राहून मी बेरीज पुन्हा केली, वजाबाकी पुन्हा केली, तरी उणे साठ. गिऱ्हाइकांनी महिनाभर साबण विकत न घेता उलट साठ वड्या दुकानात आणून दिल्या, असं तो कागद म्हणत होता.

या कामाला धंद्यात रिटेल ऑडिट म्हणतात. पॅनेलवर ठरलेली दुकानं असतात. दर महिन्याला साधारण त्याच दिवशी त्याच दुकानात जायचं, यादीतल्या प्रत्येक मालाचे नग हाताने मोजायचे, तारेला लावलेली खरेदीची बिलं काढून एकेक उतरवायची आणि परत तारेला लावायची. मागची शिल्लक, अधिक महिन्यातली खरेदी, वजा आजची शिल्लक. उरेल ती विक्री. किती विकलं हे दुकानदाराला विचारायचं नाही. तो खोटं बोलेल अशी शंका नसते, त्याला खरोखरच माहीत नसतं. पहाटेपासून रात्री दहापर्यंत गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कुठल्या साबणाच्या किती वड्या गेल्या हे तोंडपाठ असण्याचं काही कारणही नाही. जो माल खपतो असं त्याला वाटतं, त्याचा आकडा तो दुप्पट सांगतो.

त्या दिवशी माझा हिशेब असा होता. मागची शिल्लक 34, खरेदी 24, मिळून 58. आणि आज मी मोजलेल्या वड्या 118. शेठनी कागदाकडे पाहिलं नाही, वर पाहिलं. "ताई, मागल्या खेपेला माळ्यावर चढला होता का तुम्ही?" नव्हते चढले. शिडी लावलेली नव्हती, संध्याकाळ झाली होती, शेवटची एसटी गाठायची होती. तेलाच्या डब्यांमागे 72 वड्यांचा एक बंद खोका होता आणि तो मी मोजलाच नव्हता. खरी मागची शिल्लक 106 होती. त्यात 24 मिळवून 118 वजा केले, की विक्री निघते 12. त्या साबणाला बार्शीत तेवढीच मागणी होती.

मला वाटलं, चूक सापडली, खोडून 12 लिहू आणि पुढे जाऊ. आमचे सुपरवायझर दुसऱ्या दिवशी सोलापूरहून आले आणि त्यांनी माझ्यासमोर मागच्या महिन्याचं पान उघडलं. म्हणाले, "उणे साठ दिसलं म्हणून ही चूक सापडली. हिची जुळी बहीण मागच्या पानावर आहे, ती दिसत नाही." ते खरं होतं. न मोजलेला खोका मागच्या महिन्यात हिशेबाने विकला गेला होता. त्या महिन्यात त्या साबणाचा दुकानातला वाटा फुगला होता आणि या महिन्यात तो पडला असता. दोन महिन्यांत एक चढ आणि एक उतार, आणि दुकानात प्रत्यक्ष काहीच घडलेलं नाही. चढ आणि उतार दोन्ही माझ्या न चढलेल्या शिडीचे होते. त्यांनी मला मागचं पान दुरुस्त करायला लावलं, सही करायला लावली आणि मगच आजचं पान भरू दिलं.

तीस वर्षं मी बाजारातला वाटा मोजते आहे. नंतर दुकानातून कार्यालयात आले, कागदाऐवजी संगणक आला, बार्शीऐवजी सगळा महाराष्ट्र आणि मग सगळा देश माझ्या टेबलावर आला. पण कुठलीही आलेखाची रेघ वर गेलेली पाहिली, की माझी नजर अजून मागच्या पानाकडे जाते.

वाटा म्हणजे अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. आपल्या कंपनीची विक्री वर, सगळ्या बाजाराची विक्री खाली. शाळेत अंश-छेद शिकवताना दोन्ही आकडे फळ्यावर लिहिलेले असतात, त्यामुळे छेद कुठून आला हे कुणी विचारत नाही. धंद्यात अंश प्रत्येकाला माहीत असतो, तो कंपनीच्या वहीत असतो. छेद कुणाच्याच वहीत नसतो. प्रतिस्पर्धी आपली विक्री सांगत नाही, गल्लीतला कारखानदार तर कुणालाच सांगत नाही. म्हणून कुणीतरी त्रयस्थाने दुकानात जाऊन सगळ्यांचाच माल मोजावा ही कल्पना निघाली. अमेरिकेत आर्थर नील्सन यांनी 1923 साली शिकागोत कंपनी काढली आणि 1930च्या दशकात औषधांच्या आणि किराण्याच्या दुकानांत अशी मोजणी सुरू केली. बाजारातला वाटा ही कल्पना धंद्यात रूढ करण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. आपल्याकडे हे काम रुजवलं ते बडोद्याच्या ओआरजीने, म्हणजे विक्रम साराभाई यांनी स्थापन केलेल्या ऑपरेशन्स रिसर्च ग्रुपने. अवकाश संशोधनासाठी ज्यांचं नाव घेतलं जातं, त्यांच्याच संस्थेची माणसं देशभरातल्या दुकानांतल्या फळ्यांवरच्या बाटल्या आणि पुडे मोजत होती, याचा मला फार अभिमान वाटतो. दोन्ही कामांत मोजणी लागते आणि दोन्हीकडे आळस चालत नाही.

छेदात काय धरायचं, हा या कामातला सगळ्यात मोठा प्रश्न. धुण्याच्या पावडरीचं उदाहरण आमच्या पिढीने जवळून पाहिलं. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा बनवायला घेतली आणि सायकलवरून दारोदार विकली. किंमत सर्फच्या सुमारे एक-तृतीयांश. सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्थान लिव्हरने बरीच वर्षं तिला आपली स्पर्धक मानलंच नाही. ते गिऱ्हाईक वेगळं, तो माल वेगळा, अशी समजूत होती. महाग पावडरींचा एक छेद मनात धरला की त्यात सर्फ पहिलीच. पण ज्या घरात आतापर्यंत साबणाच्या वडीने कपडे धुतले जात, त्या घरात पहिल्यांदा पावडर आली ती निरमा. छेद तिकडे वाढत होता. 1980च्या दशकात निरमा सर्फच्या पुढे गेली आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात लिव्हरला व्हील बाजारात आणावी लागली. त्यातही पुन्हा एक मेख आहे. किलोने मोजलं तर निरमाचा वाटा एक येतो, रुपयांत मोजलं तर दुसरा, आणि दोघांत मोठी तफावत असते, कारण तेव्हा एक किलो सर्फच्या पैशात तीन किलो निरमा येत असे. दोन्ही आकडे खरे. या वर्षी किलो आणि पुढच्या वर्षी रुपये असं केलं, तर मात्र जे दिसेल ते खोटं.

माझ्या वडिलांनी बजाज चेतकसाठी नंबर लावला होता. गाडी मिळायला काही वर्षं गेली, आणि ती आली त्या दिवशी आईने तिला ओवाळलं. तेव्हा पुण्याच्या त्या कंपनीचा स्कूटरच्या बाजारातला वाटा कुणाला मोजायचीही गरज वाटत नसेल, रस्त्यावर उभं राहिलं तरी दिसे. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. पेट्रोल कमी पिणारी चार-स्ट्रोक मोटरसायकल. 1990च्या दशकाच्या अखेरीस मोटरसायकलींनी स्कूटरना मागे टाकलं, 2001 साली हिरो होंडा जगातली सगळ्यात मोठी दुचाकी कंपनी झाली. स्कूटरच्या छेदावर बजाजचा वाटा कितीही चांगला दिसला असता, तरी तो छेदच आक्रसत होता. बजाजच्या माणसांना हे कळलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल, 2001 सालीच त्यांनी पल्सर आणली. 2009च्या डिसेंबरात स्कूटर बंद करायचा निर्णय जाहीर झाला तेव्हा राहुल बजाज यांनी वाईट वाटल्याचं उघडपणे सांगितलं. मलाही वाईट वाटलं होतं. नवशिक्यांना शिकवताना मी हे उदाहरण घेते आणि एकच प्रश्न विचारते. 1990 ते 2000 या दहा वर्षांत बजाजचा वाटा कसा बदलला? जो मुलगा किंवा मुलगी लगेच उत्तर द्यायला लागते, तिला मी थांबवते. जी विचारते, 'मॅडम, कशातला वाटा?', तिला दुसऱ्या दिवसापासून दुकानात पाठवते.

गाड्यांच्या धंद्यात आणखी एक घोळ आहे आणि तो किराण्यातही आहे. कारखान्यातून विक्रेत्याकडे गेलेली गाडी ही एक विक्री, आणि गिऱ्हाइकाच्या नावावर आरटीओत नोंदलेली गाडी ही दुसरी. वाहन उत्पादकांची संघटना पहिला आकडा देते, विक्रेत्यांची संघटना 'वाहन' पोर्टलवरून दुसरा. त्या दुसऱ्यात बराच काळ तेलंगणा नसायचा. एखाद्या महिन्यात एका आकड्याने वाटा चढतो आणि दुसऱ्याने उतरतो. किराण्यात आम्ही याला प्रायमरी, सेकंडरी आणि गल्ल्यावरची विक्री असं म्हणतो. मार्च एंडिंगला कंपनीचा माणूस स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारतो, स्टॉकिस्ट दुकानदाराच्या. 31 मार्चला कंपनीच्या वहीत विक्रीचा डोंगर असतो आणि तो डोंगर मला एप्रिलमध्ये माळ्यावर सापडतो, खोक्यांच्या रूपात. 2017च्या जूनमध्ये उलट पाहिलं. 1 जुलैपासून जीएसटी लागणार म्हणून दुकानदारांनी खरेदी थांबवली होती. कुठल्या मालावर किती कर बसेल, जुन्या मालाचं काय होईल, कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मी इतक्या रिकाम्या फळ्या कधी पाहिल्या नव्हत्या. कंपन्यांची रवानगी कोसळली, पण गिऱ्हाईक रोज अंघोळ करत होतं, चहा पीत होतं. घरातली माणसं तीच, साबण तोच, फक्त तो दुकानाच्या जुन्या शिल्लकेतून जात होता. ज्यांनी रवानगीवरून वाटे काढले त्यांना त्या दोन महिन्यांत बाजारात उलथापालथ दिसली. आम्हाला फळ्या रिकाम्या होताना दिसल्या.

बिलांबद्दल एक सांगायला हवं, कारण नवीन मुलं इथे नेहमी फसतात. स्कीम चालू असते, बारावर एक मोफत. बिलावर 144 लिहिलेले असतात, दुकानात 156 येतात. मोफतचे बारा खरेदीत धरले नाहीत, तर ते शिल्लकेत निघतात आणि विक्री बाराने कमी येते. ज्या कंपनीने जोरात स्कीम लावली तिचा खप पडल्यासारखा दिसतो. बिलाच्या खाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं असतं, ते वाचायचं. लिहिलेलं नसेल तर शेठना विचारायचं, आणि ते चिडले तर चहा घेऊन पुन्हा विचारायचं.

आता जे सांगते ते सांगायला मला अजून जड जातं.

एका तेलाच्या कंपनीसाठी मी काम करत होते. डोक्याचं तेल. एका विभागाचा तीन वर्षांचा आढावा होता आणि तो मीच मांडला. पडद्यावर एक रेघ होती, 31 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर उतरणारी. वरिष्ठांनी विचारलं, चार टक्के कुठे गेले? त्या विभागाचा सेल्स ऑफिसर लातूरकडचा तरुण मुलगा होता. तो खाली मान घालून बसला, एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी जिन्यात मला गाठून म्हणाला, "मॅडम, माझ्या एकाही तालुक्यात माल कमी झालेला नाही. तुमचा आकडा चुकला म्हणत नाही, पण मला कळत नाहीये."

रात्री मी शहर आणि गाव वेगळं काढलं. आकडे इथे सोपे करून देते. तीन वर्षांपूर्वी त्या विभागात महिन्याला 100 टन तेल खपत होतं, शहरांत 70 आणि गावांत 30. कंपनीचा वाटा शहरांत 40 टक्के, गावांत 10 टक्के. म्हणजे 28 टन आणि 3 टन, एकूण 31. तीन वर्षांनी शहरांत खप 70 टनच राहिला होता, पण गावांत छोट्या पुड्या पोचल्या होत्या आणि तिथला खप 30 वरून 70 टनांवर गेला होता. त्या मुलाने शहरातला वाटा 40 वरून 42 केला होता आणि गावातला 10 वरून 12. टनांत काढलं तर 29.4 आणि 8.4, मिळून 37.8 टन. बाजार 140 टनांचा झाला होता. 140 मध्ये 37.8 म्हणजे 27 टक्के.

दोन्हीकडे त्याचा वाटा वाढला होता. एकूण विक्री पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढली होती. आणि एकूण वाटा 31 वरून 27 वर पडला होता, कारण ज्या ठिकाणी कंपनी आधीपासून दुबळी होती तो भाग बाजारात मोठा झाला होता. माझा आकडा बरोबर होता. त्याचं म्हणणंही बरोबर होतं. मी रात्री दोन वाजेपर्यंत जागून टिपण लिहिलं आणि सकाळी पाठवलं. त्यात लिहिलं की या विभागाला गावांसाठी आणखी गाड्या आणि माणसं द्यावी लागतील. टिपणाची दखल घेतली गेली, गाड्याही दिल्या गेल्या. पण त्या मुलाचा विभाग तोपर्यंत काढून घेतला होता आणि तो निर्णय कुणी फिरवला नाही. त्याने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मी ऐकून घेतला असता. त्याच्या तीन वर्षांच्या मेहनतीची बाजू आकड्यांत होती, ती मी पडद्यावर लावली नाही, एवढी गोष्ट माझ्याकडून झाली. तेव्हापासून एकच रेघ असलेला आढावा मी कुणासमोर ठेवलेला नाही. बदलाचे नेहमी दोन भाग करून मांडते. वाटा स्वतः हलला म्हणून किती फरक पडला, आणि पायाखालचा बाजार हलला म्हणून किती. वेळ लागतो, वरिष्ठ घड्याळ बघतात, तरी मांडते.

टक्क्यांच्या बोलीतला गोंधळही असाच कुणाचं तरी नुकसान करतो. वाटा 20 वरून 22 झाला की एक जण म्हणतो दोन टक्के वाढला, दुसरा म्हणतो दहा टक्के वाढला. आम्ही पहिल्याला दोन पॉइंट म्हणतो आणि प्रत्येकाने तसंच म्हणावं असा माझा आग्रह असतो. आणि 18.2 चा 18.6 झाला की का वाढला म्हणून विचारणारे फोन येतात, त्यांना मी एकच उत्तर देते. काही शे दुकानं मोजून लाखो दुकानांचा अंदाज काढलेला आहे, त्यात एवढा हेलकावा असणारच, अजून दोन महिने थांबा.

थांबायचं किती, हा प्रश्न मला पंचांगाने शिकवला. पंढरपुरातली काही दुकानं आमच्या पॅनेलवर होती. आषाढीच्या महिन्यात तिथल्या फळ्यांवर दर दोन दिवसांनी माल बदलतो. पाच रुपयांची बिस्किटं, छोट्या साबणाच्या वड्या, पुडीतलं तेल, उदबत्ती. वारकरी मोठं पॅक घेत नाही, त्याला ते पुढे वाहून न्यायचं असतं. त्या एका महिन्यात छोट्या पॅकवाल्या कंपनीचा वाटा वर जातो, महिन्याने खाली येतो. 2022 साली आषाढी 10 जुलैला होती, 2023 साली 29 जूनला. जुलैची जुलैशी तुलना करणाऱ्याला वाटेल, छोट्या पॅकचा जमाना संपला.

दिवाळीचं तर याहून कठीण. मोती साबण आमच्याकडे वर्षभर मिळतो, पण तो खरा विकला जातो अभ्यंगस्नानाला. महाराष्ट्रात दिवाळीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत त्याचा वाटा असा उसळतो, की बाकी अकरा महिने तो साबण यादीत शोधावा लागतो हे खरं वाटू नये. महिन्याची महिन्याशी तुलना फसते म्हणून आम्ही बारा महिन्यांची फिरती बेरीज घेतो. दर महिन्याला एक नवा महिना जोडायचा आणि तेरावा जुना सोडायचा. आलेख शांत होतो, सण आपोआप सामावले जातात, असं मला बरीच वर्षं वाटायचं. 2023 साली श्रावण अधिक आला. 2022 ची नरक चतुर्दशी 24 ऑक्टोबरला होऊन गेली होती आणि 2023 ची 12 नोव्हेंबरला गेली. आता नोव्हेंबर 2022 ते ऑक्टोबर 2023 हे बारा महिने मोजा. त्यात एकही अभ्यंगस्नान नाही. त्याच्या पुढचे बारा महिने, नोव्हेंबर 2023 ते ऑक्टोबर 2024, मोजा. त्यात दोन आहेत, कारण 2024 ची नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबरला आली. दिवाळीचा माल आधीच विकला जातो हे धरलं तरी 2023 च्या बेरजेत दिवाळीची बरीच विक्री कमी पडते आणि 2024 च्या बेरजेत दुप्पट होते. इंग्रजी कॅलेंडरच्या वर्षावर विसंबणाऱ्याला दिवाळीच्या साबणाचा, उटण्याचा, सुगंधी तेलाचा वाटा आधी कोसळलेला आणि मग उसळलेला दिसेल. माझ्या टेबलावर आजही भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर असतं. कार्यालयातल्या मुलांना मी सांगते, आकडे काढायच्या आधी यंदा अधिक महिना कुठला ते बघा.

गेल्या वर्षी बार्शीचं ते दुकान बंद झालं. मी आता सहसा दुकानांत जात नाही, पण त्या दिवशी गेले. सोबत नवीन लागलेली मुलगी होती, हातात टॅब. शेठ थकले होते. मुलगा पुण्यात हिंजवडीला आहे, त्याला गल्ल्यावर बसायचं नव्हतं आणि शेठनी त्याला त्यासाठी कधी अडवलंही नाही. बिलांची तार अजून खिळ्याला होती, तिला शेवटची पाच-सहा बिलं होती. बाकी खरेदी शेठ गेली दोन वर्षं मोबाइलवरून मागवत होते. त्यांनी फोन मुलीच्या हातात दिला आणि चष्मा पुसत म्हणाले, "बघ बाई, यात सगळं आहे, मला काढता येत नाही."

तिने फळी मोजली, काउंटर मोजला, आतली खोली मोजली. शेठनी मला विचारलं, "माळा?" मी काही बोलायच्या आत तिने शिडी लावली होती. वरून तिचा आवाज येत होता, मी खाली टॅबवर आकडे घालत होते. धुण्याचा साबण नऊ वड्या. चहाचे पुडे चार. अंगाच्या साबणाचा एक फोडलेला खोका, त्यात सतरा. तो 1994 चाच ब्रँड होता, कागद बदललेला. विक्रीचे रकाने संगणकाने आपोआप भरले. पुढच्या महिन्याची तारीख विचारणारी खिडकी उघडली तेव्हा मी 'दुकान बंद' असा पर्याय निवडला. आमच्याकडे बंद झालेल्या दुकानाची शेवटची शिल्लक तशीच राहते, ती कशातूनच वजा होत नाही. शेठनी एक वडी पिशवीत घालून माझ्या हातात दिली, पैसे घेतले नाहीत. ती वडी विक्रीत धरायची की नाही असं त्या मुलीने मला गंभीरपणे विचारलं, आणि आम्ही ती धरली. शिल्लक सोळा केली.

पॅनेलवर रिकामी झालेली जागा भरावी लागते. त्याच भागातलं, तेवढ्याच मोठ्या उलाढालीचं, तेवढीच गिऱ्हाइकी असलेलं दुकान शोधायचं. मोठं सुपरमार्केट घेतलं तर एका रात्रीत बाजार बदलल्यासारखा दिसेल. दोन गल्ल्या सोडून एक दुकान मिळालं. नवरा-बायको चालवतात, नारळाची पोती दारात, फ्रीजवर गणपती. वहिनींनी विचारलं, "आज मोजून तुम्हाला काय कळणार?" त्या मुलीने त्यांना नीट समजावून सांगितलं, की पहिल्या दिवशी विक्री निघत नाही, कारण मागची शिल्लक नसते. आज फक्त लिहून ठेवायचं. मग तिने विचारलं, माळा आहे का, आणि शिडी कुठे आहे.